गाडा श्रेयाच्या नावाचा

महाळुंगे पडवळच्या संपत चासकराला उधळलेल्या बैलांची भीती वाटत नसे. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडा सुटला की भलेभले बाजूला उड्या मारतात. संपत शेवटच्या क्षणापर्यंत बैलांना धरून उभा असायचा आणि गाडा निघून गेला की अंगावरची धूळ झटकत हसायचा. बिबट्याची त्याला भीती होती, पण ती आपल्याकडे सगळ्यांनाच असते आणि म्हणून उसाला पाणी द्यायचं कुणी थांबवत नाही. खाकी कपडा दिसला मात्र, की हा माणूस पार विरघळायचा. मंचरच्या चौकात वाहतुकीचा पोलीस उभा असला, तर लायसनपासून विम्यापर्यंत सगळं खिशात असूनही हा मोटरसायकल ढकलत न्यायचा. ओळखीचे लोक मजा घ्यायचे.

"संपतराव, गाडी बंद पडली का ओ?"

"न्हाई, जरा पाय मोकळं करतोय."

अशा माणसाच्या पोटी पोलिसात जायचं वेड घेतलेली मुलगी जन्माला आली. देवाला गंमत करायला दुसरं घर मिळालं नाही, असं संपतची बायको शीला म्हणायची. पण ती गंमत नव्हती, आणि का नव्हती हे संपतला पुरतं माहीत होतं.

आपल्याकडे गाडा बहुतेक वेळा मालकाच्या नावानं पळत नाही. कुणी वारलेल्या बापाच्या स्मरणार्थ पळवतो, कुणी ग्रामदैवताच्या नावानं, कुणी लेकराच्या. संपतला एकुलती एक श्रेया. ती रांगत होती तेव्हापासून गाडा तिच्या नावाचा. "कुमारी श्रेया संपत चासकर, महाळुंगे पडवळ!" असं नाव स्पीकरवर घुमलं, भंडाऱ्यानं घाट पिवळा झाला आणि निवेदकानं "भिर्रर्र" म्हणून सूर लावला, की संपतला आपण जन्माला आलो त्याचं सार्थक झाल्यासारखं वाटायचं. स्वतःचं नाव पुकारायला सांगावं, हे त्याच्या कधी मनातही आलं नाही.

पुढं शर्यतींवर बंदी आली. तरीही डोंगराकडच्या एका गावानं यात्रेत गाडे पळवायचं ठरवलं, अगदी गुपचूप. आता गुपचूप म्हणजे कसं, तर स्पीकर लावून! स्पीकरशिवाय शर्यत म्हणजे अळणी कालवण, याबद्दल आपल्या लोकांत दुमत नाही. साध्या कपड्यातले दोन पोलीस गर्दीत उभे राहिले आणि निवेदक जी नावं पुकारत होता ती निवांत टिपून घेत राहिले. गुन्हा दाखल झाला. गाडामालक म्हणून जे आरोपी झाले त्यांत एक होती श्रेया संपत चासकर. ती तेव्हा नववीत होती आणि त्या सकाळी घरी बसून भूमितीचा अभ्यास करत होती.

हवालदार चौकशीला आला तेव्हा संपत गोठ्यात होता. सोबत गावचे पोलीस पाटील गेणभाऊ. हवालदारानं विचारलं, "श्रेया संपत चासकर कोण?"

पोरगी अजाण आहे, गाडा माझा आहे, मला धरा, एवढंच संपतला बोलायचं होतं. पण पोरीला पोलीस ठाण्यात नेतील, कोर्टात उभी करतील, हे चित्र डोळ्यांपुढं आलं आणि ते राहूनच गेलं. शेणानं भरलेले हात तसेच पुढं धरून तो म्हणाला, "ती न्हाई ओ."

"नाही म्हणजे?"

"वारली."

कुठून आला तो शब्द, देव जाणे. हवालदार जरा थबकला. त्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली आणि हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे स्मरणार्थ गाडा होता होय?" संपतनं मान हलवली. बाहेरगावच्या हवालदाराला हे पटलं नसतं, पण हा इकडचाच, मेलेल्यांच्या नावानं गाडे पळताना बघतच मोठा झालेला. त्यानं तिथंच जबाब लिहिला. संपतनं सही केली. गेणभाऊंनी साक्षीदार म्हणून सही ठोकली आणि आभाळाकडं बघत राहिले.

तेवढ्यात वारलेली श्रेया शाळेतून आली आणि पाहुणा दिसला म्हणून तिनं आपणहून पाण्याचा तांब्या आणून हवालदाराच्या हातात दिला.

"ही कोण?"

"धाकटी," संपत म्हणाला. हवालदार पाणी प्यायला आणि गेला.

शीलाला ते कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. जित्या लेकराला मेलं म्हणणारा बाप तिनं बघितला नव्हता. तिनं मीठमोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या आणि बरेच दिवस नवऱ्याला ताट वाढलं ते न बोलता. मग एकदा स्वतःच म्हणाली, "मरणाची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणत्यात." त्यावर दोघांनी विषय मिटवला. श्रेयाला कुणीच काही सांगितलं नाही. बाकीचे मालक काही वर्षं तारखांना जाऊन आले, पुढं बंदी उठली, सरकारनं त्या केसही मागं घेतल्या. गावानं पेढे वाटले. संपतनं एक पेढा खाल्ला आणि आता सुटलो असं समजून बसला.

आणि बारावी झाल्यावर श्रेयानं जाहीर केलं, "आप्पा, मी पोलीस भरतीची तयारी करणार. पुणे शहर पोलीस."

संपत म्हणाला, "लई भारी." दुसरं काय म्हणणार?

तिचा सराव पहाटे, उजाडायच्या आत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि उसात बिबट्या. गेल्याच साली पलीकडच्या मळ्यातलं एक वासरू त्यानं नेलं होतं. म्हणून ती पुढं पळायची आणि बाप मागून मोटरसायकलवर, हेडलाइट तिच्या पाठीवर धरून. उसात जरा काही सळसळलं की संपत हॉर्न दाबायचा, आणि श्रेया न थांबता ओरडायची, "आप्पा, वारा आहे!" या फेऱ्या त्यानं थंडीत केल्या, पावसात केल्या, एकदाही चुकवल्या नाहीत. आणि त्याच गाडीवर बसून तो मनातल्या मनात म्हणायचा, देवा, हिचा नंबर लागू देऊ नको. भीमाशंकरला गेला तेव्हा तर हात जोडून उभा राहिला, पण हे मागणं शंकरापुढं तोंडातून निघेना. शेवटी "तिचं बरं कर" म्हणून खाली उतरला. बापाला लेकीचं वाईट चिंतावं लागावं, याच्याइतकी वाईट गत नाही.

मैदानी चाचणीच्या दिवशी पुण्यात पोलीस मुख्यालयाच्या फाटकाबाहेर फुटपाथवर सगळे आईबाप बसले होते. कुणी डबा घेऊन, कुणी केळी घेऊन. आत एकेका पोरीची उंची मोजत होते, छातीवर नंबर लावत होते, शिट्टी वाजत होती. शिट्टी वाजली की संपत दचकायचा. फाटकावरचा शिपाई साधं "ओ पावणं, जरा मागं सरा" म्हणाला, तर हा थेट रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिला. आठशे मीटर संपवून, शंभर मीटर संपवून, गोळा फेकून श्रेया बाहेर आली ती लालबुंद चेहऱ्यानं, हसत. "आप्पा, गोळा पण गेला!" संपतनं तिला पाणी दिलं. तो हसला सुद्धा. पण आतून त्याला वाटलं, गोळा आपल्याच छातीवर येऊन पडलाय.

मग लेखी परीक्षा. त्यातही ती वर आली. मग वैद्यकीय तपासणी. डॉक्टरनं डोळे बघितले, पाय बघितले, कुठंच नाव ठेवायला जागा सापडली नाही. एकेक पायरी ती चढत होती आणि संपतचं एकेक रात्रीचं जेवण कमी होत होतं. शीलानं विचारलं, तर ॲसिडिटी म्हणाला. शीलाला कळत होतं, पण ज्या विषयावर माती टाकली तो उकरायचा कुणी?

शेवटची पायरी चारित्र्य पडताळणीची. श्रेया ओट्यावर बसून फॉर्म भरत होती आणि प्रश्न मोठ्यानं वाचत होती. "आप्पा, हे बघा काय विचारतात. तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का? निर्दोष सुटला असाल, केस मागे घेतली असेल, तरी लिहा. माहिती लपवल्यास नोकरीतून काढण्यात येईल." ती हसली. "मी तर कुणाच्या बागेतला पेरू पण नाही तोडला." आणि तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं, नाही.

संपत समोर बसून बैलाची म्होरकी वळत होता. बोलायचं तर तेव्हाच होतं. दोन शब्दांचं काम. त्याचे हात थांबले, घसा खाकरला, श्रेयानं वर बघितलं आणि म्हणाली, "काय?" तो म्हणाला, "काय न्हाई. अक्षर चांगलं हाय." आपला माणूस वाईट नव्हता हो. पण भित्र्या माणसाच्या हातून जेवढं वाईट होतं तेवढं दुष्टाच्या हातून होत नाही, हेही खरंच.

फॉर्म गेला, आणि थोड्या दिवसांनी पोलीस ठाण्यातून गेणभाऊंना फोन आला. उमेदवाराला आणि वडिलांना घेऊन सोमवारी या, एका जुन्या गुन्ह्यात नाव जुळतंय. गेणभाऊ धापा टाकत चासकरांच्या घरी आले. त्यांचीही पाचावर धारण बसली होती, कारण त्या जबाबावर सही त्यांचीही होती. श्रेया घरात आहे याचंही भान त्यांना राहिलं नाही.

"संपत, घोटाळा झाला रं! तिला आपण मारली व्हती, आता ती भरतीत निघाली!"

श्रेया दारात आली. "कुणाला मारली होती, काका?"

मग सगळं बाहेर आलं. अर्धं गेणभाऊंनी सांगितलं, अर्धं शीलानं. संपत खाली बघत होता. श्रेयानं एवढंच विचारलं, "लेखी?"

"लेखी," गेणभाऊ म्हणाले. "पर घाबरू नको. म्या इचार केलाय. थोरली श्रेया वारली, तिचंच नाव धाकटीला ठिवलं. तू धाकटी. तुज्यावर गुन्हा न्हाईच. तू फारमात लिवलं ते बी खरं, तुज्या बानं सांगितलं ते बी खरं, आन् माजी सही बी खरी."

एक खोटं झाकायला सात खोटी लागतात म्हणतात, गेणभाऊंनी एकातच भागवलं होतं. शीला रागानं आत निघून गेली. ज्या नोकरीसाठी बिबट्याच्या रस्त्यावर पळाली ती हातातून निसटताना श्रेयाला दिसत होती. गुन्हा लपवला म्हणून काढतील. बापावर खोट्या जबाबाचा गुन्हा लागेल. ती म्हणाली, "आप्पा, गेणकाका म्हणतात तसंच सांगा. मी धाकटी. तुम्ही फक्त हो म्हणा."

"व्हय," संपत म्हणाला.

सोमवारपर्यंत त्या घरात कुणी धड झोपलं नाही. संपत गोठ्यात बैलांपुढं उभा राहून पाठ करत होता, थोरली वारली, ही धाकटी. बैल ऐकून घ्यायचे आणि कडबा खायचे.

पोलीस ठाण्यातले साहेब तसे सज्जन होते, कामाला वैतागलेले. टेबलावर जुना जबाब आणि नवा फॉर्म शेजारी शेजारी ठेवलेले. बसा म्हटल्यावर संपत खुर्चीच्या कडेवर टेकला. गेणभाऊंनी रुमालानं मान पुसली. श्रेया हात मागं बांधून सरळ उभी होती, भरतीच्या सरावात शिकली तशी.

साहेबांनीच सोपं केलं. "या जबाबात म्हटलंय, मुलगी श्रेया मयत. आणि ही उमेदवार श्रेया. म्हणजे मयत झाली ती थोरली, आणि तिचं नाव हिला ठेवलं. असंच ना?"

"असंच असंच," गेणभाऊ घाईनं म्हणाले.

"तुम्ही नाही, वडिलांनी बोलायचं."

श्रेयानं बापाकडं बघितलं. हो म्हणा, असं तिचे डोळे म्हणत होते. संपतनं मान हलवली. होकाराची की नकाराची ते कुणाला कळलं नाही, पण साहेबांनी पेन उघडलं. "ठीक आहे. लहान पोरांच्या मृत्यूचे दाखले गावाकडे कुणी काढत नाही, मला माहीत आहे. नुसतं सांगा, मी जबाबात घेतो. थोरली कशानं वारली?"

हे कुणी पाठ करून घेतलं नव्हतं. पहिल्या वेळी हवालदारानं कशानं म्हणून विचारलंच नव्हतं. एक शब्द टाकला आणि सुटका झाली होती. आता त्या शब्दाला अंग द्यायचं होतं. संपत शोधू लागला. ताप म्हणावं, तर श्रेयाला तिसरीत आलेला ताप आठवला, तिचं कढत कपाळ हाताला लागलं. साप म्हणावं, तर गोठ्यामागं अनवाणी पळणारे तिचे पाय दिसले. विहीर म्हणावं, तर विहिरीत वाकून बघणारी तिची वेणी दिसली. बिबट्या म्हणावं, तर हेडलाइटच्या उजेडात पुढं पळणारी पाठ दिसली आणि मग ती पाठच दिसेना. मरणाचं प्रत्येक कारण ज्या पोरीला जाऊन चिकटत होतं ती हातभर अंतरावर श्वास घेत उभी होती.

"सांगा," साहेब म्हणाले. "आजारी होती का?"

"न्हाई."

"मग?"

"न्हाई साहेब. मला न्हाई जमायचं." संपत उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो खाकीसमोर मान वर करून बोलत होता, आणि आवाज मात्र रडका होता. "थोरली बिरली कोण न्हाई. मला एकच पोर हाय, ती ही. गाडा माजा व्हता, नाव हिचं लावलं व्हतं, माया म्हणून. हवालदार आला आन् म्या भ्यालो, आन् ती वारली म्हणलो. एकदा म्हणलो ते म्हणलो. परत न्हाई म्हणणार. मला आत टाका."

गेणभाऊंनी खाली बसण्यासाठी खुर्ची चाचपली, ती तिथं नव्हती. श्रेयाला बापाचा असा राग आला की दातावर दात बसले. सगळं गेलं. एक हो म्हणायचं होतं, तेवढं झालं नाही या माणसाच्यानं.

"खोटा जबाब देणं हा गुन्हा आहे, माहीत आहे?" साहेबांचा आवाज चढला.

"तवा न्हवतं माहीत. आता हाय."

साहेब श्रेयाकडं वळले. "आणि तू? फॉर्ममध्ये नाही लिहिलंस."

अजूनही वाट होती. आप्पांचं डोकं ठिकाणावर नाही, असं ती म्हणू शकत होती, आणि साहेब कदाचित खुशीनं ऐकून घेणार होते. तिनं बापाकडं बघितलं. त्याचे गुडघे लटपटत होते, विजार हलत होती, आणि तरी तो बसत नव्हता. तिचा राग कुठं गेला ते तिलाही कळलं नाही.

"फॉर्म भरला तेव्हा मला माहीत नव्हतं, साहेब. नंतर कळलं."

"कळल्यावर कळवलंस का?"

"नाही. घाबरले."

"आणि आता?"

"आताही घाबरलेच आहे. पण ती मीच आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. कुणाला तरी शिव्या द्याव्यात असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं, पण कुणाला ते ठरेना. "त्या वेळी तू अल्पवयीन होतीस. केस मागं घेतली गेलीय. हे सगळं आजच्या आज स्वतःच्या हातानं अर्ज करून वर कळव. माझा अहवाल जाईल तो खराच जाईल. घेतील की नाही, ते माझ्या हातात नाही. आणि वडिलांच्या जबाबाबद्दल मला वरिष्ठांना विचारावं लागेल, नोटीस येईल, यावं लागेल. पाटील, तुम्हालाही." गेणभाऊ काहीतरी डोळ्यांच्या मोतीबिंदूबद्दल पुटपुटले.

मग साहेबांनी कोरा कागद ओढला आणि संपतचा नवा जबाब लिहायला घेतला. लिहून झाल्यावर रिवाजाप्रमाणे वाचून दाखवला, सपाट आवाजात, भराभर, दिवसातून दहा वेळा वाचतात तसा. "मी संपत चासकर, राहणार महाळुंगे पडवळ, समक्ष हजर राहून लिहून देतो की, पूर्वी दिलेला जबाब मी भीतीपोटी खोटा दिला होता. माझी मुलगी श्रेया ही हयात असून आज माझ्यासोबत हजर आहे. मान्य असेल तर सही करा."

संपतनं पेन हातात घेतलं, पण सही केली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"काय झालं? चुकलंय काही?"

"न्हाई, साहेब. तेवढं शेवटलं परत एकदा वाचता का?"

साहेबांनी घड्याळाकडं बघितलं, संपतकडं बघितलं, कागद पुन्हा जवळ घेतला आणि या वेळी सावकाश वाचलं.